फवारणीचा सल्ला २२ भाषांत, माणसाचे काय?



२१ जानेवारी २००४ रोजी केंद्र सरकारने किसान कॉल सेंटर सुरू केले. १८००-१८०-१५५१ हा नंबर फिरवला की कपाशीवरच्या माव्याला काय फवारायचे, ज्वारीवर खोडमाशी आली तर काय करायचे, हे फुकट सांगतात आणि २२ भाषांत सांगतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी शेतकी कॉलेजात शिकलेला माणूस आहे, माव्यावर सल्ला हवाच. पण ज्याच्या शेतात तो मावा आला त्याची झोप उडाली, अन्न गोड लागेना, जीव नकोसा झाला, तर त्याने कोणता नंबर फिरवायचा? केंद्र सरकारला याचे उत्तर सापडायला १० ऑक्टोबर २०२२ उजाडावे लागले. त्या दिवशी 'टेली-मानस' ही सेवा सुरू झाली. तिचा नंबर १४४१६. किडीच्या नंबरानंतर माणसाचा नंबर यायला अठरा वर्षे लागली.

नंबर आला हे चांगलेच झाले. तो पाठ करा, पोरांकडून पाठ करून घ्या, कापूस वेचणीच्या हिशेबाच्या वहीवर पहिल्या पानावर लिहून ठेवा. पण नंबर छापला की मदत पोचली, असे मानणारे सरकारी अधिकारी असतात, आपण नाही. खताची गाडी तालुक्याला लागली म्हणजे खत बांधावर आले असे आपण कधी म्हटले आहे काय? मनाच्या दुखण्यावरची मदत बांधापर्यंत का येत नाही, आणि ती आणणे हे आपल्या चळवळीचे काम आहे की नाही, याचा निकाल या जिल्हा बैठकीत लागला पाहिजे.

'कापसाले भाव द्या, डोकं ठिकाणावर येते'

गेल्या तालुका बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक जुने कार्यकर्ते उठून उभे राहिले. चळवळीत लाठ्या खाल्लेला, जेल पाहिलेला माणूस. म्हणाले, "भाऊ, हे डोक्याचं काय काढलं मधातच? कापसाले भाव द्या, डोकं आपोआप ठिकाणावर येते." सभेत टाळ्या पडल्या. टाळ्या पडणारच, कारण काकांचे म्हणणे अर्धे खरे आहे.

अर्धे खरे कसे ते आधी सांगतो. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना सरकारने रोख रक्कम देण्याचा कार्यक्रम केला. ज्या ज्या तालुक्यांत पैसे पोचले तिथे आत्महत्यांचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी खाली आले, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. पैशाचा ताण कमी झाला की माणसे वाचतात, हे आता आपल्या घोषणेपुरते राहिलेले नाही. तेव्हा घामाच्या दामाची मागणी एक इंचही मागे घ्यायचे कारण नाही.

आणि काकांच्या संशयालाही कारण आहे. शेतकऱ्याने जीव दिला की त्याच्या घरी तलाठी येतो, पोलीस येतो, मग तालुक्याची समिती बसते. सातबारा नावावर आहे का, बँकेचे कर्ज थकले आहे का, वसुलीचा तगादा होता का? नसेल तर प्रकरण अपात्र. 'दारूचे व्यसन', 'घरगुती वाद', 'मानसिक आजार' असा शेरा मारला की एक लाख रुपये वाचले आणि आकडाही एकाने कमी झाला. २००६ च्या जानेवारीतल्या शासन निर्णयाने त्या एक लाखातले ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत ठेवायचे ठरवले. म्हणजे 'मानसिक' हा शब्द आपल्या लोकांनी पहिल्यांदा ऐकला तो दवाखान्यात नव्हे, अपात्रतेच्या कागदावर ऐकला. असा शब्द कानाला गोड कसा लागेल?

पण अर्ध्या खऱ्यावर थांबलो तर काय होते ते पाहा. भाव मिळेपर्यंत मदत नको, असे आपण म्हणतो तेव्हा सरकारचेच काम सोपे करून देतो. मेलेल्या शेतकऱ्यासाठी सरकारकडे फॉर्म आहे, समिती आहे, मुदत आहे. जिवंत शेतकऱ्यासाठी काय आहे हे आपण विचारतच नाही, कारण विचारले तर भावाचा मुद्दा पातळ होईल अशी भीती. टायफॉइड झालेल्या पोराला आपण दवाखान्यात नेतो तेव्हा गावाला शुद्ध पाणी द्या ही मागणी पातळ होते काय?

आपल्याच मुलखातला दाखला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. विक्रम पटेल यांच्यासारख्या डॉक्टरांनी उभ्या केलेल्या 'संगाथ' या संस्थेचे ते काम. त्यात कर्जमाफी नव्हती, हमीभाव नव्हता. गावातल्याच बायाबाप्यांना शिकवून तयार केले, ते घरोघर गेले, लोकांशी त्यांच्या बोलीत बोलले, ज्याला गरज त्याला गावातच बसवून धीर दिला, फारच दुखणे असेल तर मनाच्या डॉक्टरशी गाठ घालून दिली. सुरुवातीच्या पाहणीत उदासीचा आजार असलेल्या शंभरातल्या जेमतेम चार जणांनी कुठे ना कुठे मदत घेतली होती (नेमका आकडा ४.३ टक्के). दीड वर्षानंतरच्या पाहणीत हे प्रमाण २७.२ टक्के निघाले. गेल्या वर्षभरात मरणाचे विचार येऊन गेले असे सांगणारे ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. हे २०१७ मध्ये लॅन्सेटच्या मनोविकार विषयाच्या नियतकालिकात छापून आले आहे. कोरडवाहू जमीन, कापसाचे गाव आणि अमरावती जिल्हा. काकांनी या आकड्यांपुढे आपला मुद्दा मांडावा, मी ऐकायला तयार आहे. आणि सरकारने सांगावे की हे ३० गावांत जमले तर ३० तालुक्यांत का जमत नाही.

डॉक्टरला ऐकू येते ती भाषा

आता मूळ दुखण्याकडे येतो. आपला माणूस दवाखान्यात जात नाही, हे खोटे आहे. तो जातो. पण तिथे जाऊन तो म्हणतो काय? "साहेब, छातीत धडधडते." "रातभर डोया लागत नाही." "अन्न वर येते." "हातपाय गळाल्यासारखे वाटतात." "जिवाला घोर लागला." "विचार लागले." बायका म्हणतात, "अंग दुखते, डोकं गच्च राहते, घरात मन रमत नाही." 'मला डिप्रेशन आले आहे' असे म्हणत झरी-जामणीचा शेतकरी दवाखान्याची पायरी चढेल, अशी वाट पाहणारी व्यवस्था त्याला जन्मात ओळखू शकणार नाही. त्याची धडधड ऐकून पित्ताची गोळी, अशक्तपणा ऐकून सलाइनची बाटली, आणि झोप ऐकून चार दिवसांची झोपेची गोळी. पैसे गेले, दिवस बुडाला, आणि दुखणे तसेच गाडीवर बसून घरी परत आले.

आणि जेव्हा एखादा चांगला डॉक्टर ओळखतो तेव्हाही भाषा आडवी येते. एका ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत मी एका भावासोबत बसलो होतो. डॉक्टर हुशार, मनाने चांगले. त्यांनी आजार बरोबर ओळखला, गोळ्या लिहिल्या आणि म्हणाले, "माइल्ड डिप्रेशन आहे, टेन्शन घेऊ नका, टॅबलेट कंटिन्यू करा, टू वीक्सनी फॉलोअप." भावाने मान हलवली. बाहेर आल्यावर मला विचारले, "काय म्हनत होते ते?" त्याला जी एकच गोष्ट कळायला हवी होती ती कळली नाही. या गोळ्या युरियासारख्या नसतात, की आज टाकला आणि चार दिवसांत पान हिरवे. त्या शेणखतासारख्या सावकाश लागू पडतात. दोन ते चार आठवडे जावे लागतात, सुरुवातीला मळमळ वाटू शकते, आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नसतात. हे मराठीत सांगायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे न मिळाल्यामुळे किती जणांनी पाचव्या दिवशी पुडी उकिरड्यावर टाकली असेल, याचा हिशेब कोणत्या रजिस्टरात असतो?

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मुंबईत पेढे वाटले गेले. फार चांगले झाले. आता ती अभिजात भाषा तालुक्याच्या ओपीडीत आणा म्हणावे.

शब्दाने किती फरक पडतो याचा एक दाखला दूरच्या देशातला आहे, पण आपल्या कामाचा आहे. झिंबाब्वे हा आपल्यासारखाच शेतीवर जगणारा, मनोविकारतज्ज्ञांचा दुष्काळ असलेला देश. तिथे डॉ. डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्याच्या आवारात एक बाक ठेवला आणि त्यावर शिकवून तयार केलेल्या आज्या बसवल्या. दुःखी माणसाने यावे, आजीशेजारी बसून बोलावे. आधी त्याला 'मानसिक आरोग्याचा बाक' म्हणायचे, तेव्हा कोणी फिरकेना. मग आज्यांनीच सांगितल्यावरून त्याचे नाव 'मैत्रीचा बाक' झाले आणि लोक येऊ लागले. आज्या 'डिप्रेशन' हा शब्द वापरत नाहीत. त्यांच्या शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' असा शब्द आहे, त्याचा अर्थ फार विचार करणे. आपल्या वऱ्हाडातले 'विचार लागले' आणि ते कुफुंगिसिसा, काय फरक आहे? कोणाला किती त्रास आहे हे ओळखायची प्रश्नावलीसुद्धा तिथे शोना भाषेतून, लोकांच्या शब्दांतून बनवलेली आहे. हरारे शहरातल्या २४ दवाखान्यांत याची रीतसर तपासणी झाली, ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि बाकावर बसणाऱ्यांचा त्रास इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी झालेला दिसला. आपल्याकडे आज्यांचा तुटवडा आहे काय?

लोक बाबा-महाराजांकडे जातात म्हणून शहरातले शहाणे आपल्याला हसतात. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. तिथे तासभर रांगेत बसल्यावर कोणीतरी त्याच्याच बोलीत विचारते, "काय झालं बापू, कायची चिंता करतं?" हा प्रश्न सरकारी दवाखान्यात त्याला कोणी विचारला नाही. मात्र एक सांगून ठेवतो. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणे, दोराने-साखळीने बांधणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तिथे गप्प बसायचे नाही.

मराठी म्हणजे तरी कोणाची?

इथे आपल्या चळवळीनेही आपल्या आत पाहावे. मराठी, मराठी म्हणून आपण मुठी आवळतो, पण आपल्याच जिल्ह्यातल्या कोलाम पोडावर म्हातारी कोलामी बोलते. गोंड वस्तीवर गोंडी, तांड्यावर गोरमाटी. तेलंगणाच्या हद्दीला लागून असलेल्या गावांत तेलुगू. दुःख माणूस आईच्या भाषेत सांगतो, बाजाराच्या भाषेत नाही. टेली-मानस २० भाषांत चालते म्हणून सांगतात, कबूल, पण गोंडी आणि कोलामी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातसुद्धा नाहीत, तेव्हा यादी करणाऱ्याला त्या आठवणार कशा? कोलाम बाईला मराठीत प्रश्न विचारायचा, तिच्या नवऱ्याने तिच्या वतीने उत्तर द्यायचे, आणि रजिस्टरात 'तक्रार नाही' असे लिहायचे. दुखणे जर नवऱ्यापासूनच असेल तर?

आणि मजूर. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांत शेतीवर जगणाऱ्या ११,२९० माणसांनी देशात आत्महत्या केल्या, त्यांतले ४,२४८ आपल्या महाराष्ट्रातले. देशाच्या त्या आकड्यात शेतकरी ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३. मजुरांचा आकडा मोठा आहे. त्यांच्या नावावर सातबारा नाही, म्हणून समितीपुढे त्यांचे प्रकरण नाही, आणि खरे सांगायचे तर आपल्या सभेतही त्यांना खुर्ची नाही. जमीन नावावर नसलेली शेतकरीण तर धड शेतकऱ्यांत मोजली जात नाही, धड मजुरांत नाही. मदत मागायची तर या सगळ्यांसाठी मागायची.

कायदा आपल्या बाजूने आहे

कायद्याचे नाव काढले की लोक जांभया देतात, पण ही चार वाक्ये वाचाच. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. त्याच्या १८ व्या कलमाने प्रत्येक माणसाला सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मनाच्या आजारावर उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे, परवडेल असा आणि जवळ पोचता येईल असा. दारिद्र्यरेषेखालच्यांना हा उपचार फुकट. ठरवून दिलेली किमान सेवा जिल्ह्यात नसेल, तर रुग्णाला जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी उपचार घेता येतात आणि खर्च सरकारने सोसायचा असतो. ही मेहेरबानी नाही, कलम आहे. वीजबिलाच्या कलमांवर आपण वकील लावतो, या कलमावर आजवर किती अर्ज केले?

त्याच कायद्यात संमतीची व्याख्या आहे. उपचाराचे फायदे, तोटे, पर्याय रुग्णाला समजेल अशा भाषेत आणि अशा रीतीने सांगितल्यावर त्याने दिलेली संमती तीच संमती. 'टू वीक्सनी फॉलोअप' ही कायद्याने माहिती होत नाही. "साहेब, मराठीत सांगा" असे म्हणणे म्हणजे डॉक्टरचा अपमान नव्हे, आणि "हिला कोलामीत सांगणारा माणूस द्या" हेही तितकेच रास्त आहे.

तिसरी गोष्ट पोलिसांच्या भीतीची. वाचलेल्या माणसाला दवाखान्यात नेले तर केस होईल, या धाकाने घरचे लोक तासन् तास वाया घालवतात, कोणी खासगीत लपवून ठेवतात. याच कायद्याच्या ११५ व्या कलमाने सांगितले की असा माणूस भयंकर तणावाखाली होता असेच मानायचे, त्याच्यावर खटला चालवायचा नाही, शिक्षा करायची नाही, उलट सरकारने त्याची काळजी घ्यायची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि जुन्या दंड विधानातले ३०९ कलम गेलेच. (आंदोलनात कलेक्टर कचेरीपुढे जीव देण्याची धमकी देणाऱ्या आपल्या उत्साही मंडळींनी मात्र नव्या संहितेचे २२६ कलम वाचून ठेवावे. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी तसे करणे अजून गुन्हा आहे. आणि गुन्हा नसता तरी मी ती रीत मानत नाही. पोरासोरांपुढे मरणाला हत्यार म्हणून मिरवू नये.) तेव्हा वेळ न घालवता १०८ ला फोन करा, सरकारी दवाखाना गाठा, काय झाले ते खरे सांगा.

कायदा असा भरभक्कम, आणि जमिनीवर? राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा कार्यक्रम १९९६ चा. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे. त्यांतले एकही मराठवाड्यात नाही, आणि यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर. म्हणून तर जिल्ह्याच्या पथकाने तालुक्याला येऊन ओपीडी घ्यायची असते. ते पथक कोणत्या वारी येते, हे आपल्या गावात किती जणांना ठाऊक आहे? गुरांच्या बाजाराचा वार शेंबड्या पोराला माहीत असतो.

२०१५ मध्ये राज्य सरकारने विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' काढला. आशाताईंनी घरोघर जाऊन विचारायचे, कोण तणावात आहे. कल्पना चांगली. पण भर दुपारी ओसरीवर, सासू-सासरे, शेजारी बसलेले असताना, हातात कागद धरून "भाऊजी, जगावंसं वाटत नाही असं होते का?" असे विचारल्यावर कोणता बाप्या हो म्हणेल? आशाताईचा दोष नाही. तिला लसीकरणाचे काम, बाळंतपणाचे काम, वर्गवारीचे कागद, आणि मोबदला कामामागे मोजून. एकांतात बसून बोलायला वेळ लागतो आणि वेळाचे पैसे कोणी धरलेले नाहीत.

विषाची गोष्ट

कृषी पदवीधर म्हणून एक गोष्ट माझ्या अंगावर येते, ती टाळत नाही. फवारणीचे औषध प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात असते. आवेगाची ती घटका टळली तर बहुतेक माणसे पुढे जगतात, हे जगभर दिसून आले आहे. म्हणून त्या घटकेला काय हाताशी आहे याला फार महत्त्व. श्रीलंकेने अतिजहाल कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बंद केली, आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आले. शेतीचे उत्पादन त्यामुळे पडले नाही. त्याच श्रीलंकेत घरोघर कुलपाच्या पेट्या वाटण्याचाही मोठा प्रयोग झाला. २०१७ मध्ये त्याचा निकाल आला, पेट्यांनी फरक पडला नाही. यातून शिकायचे ते हे की बाटलीचा सगळा भार शेतकऱ्याच्या गळ्यात टाकून कंपन्यांना आणि परवाना देणाऱ्यांना मोकळे सोडता येणार नाही. जहाल औषधांचे परवाने रद्द करा ही मागणी कीटकनाशक दुकानदाराला आवडणार नाही, आपल्यातल्या काही जणांनाही नाही. पर्याय काय तो मी कृषी विद्यापीठाच्या शिफारशी घेऊन सांगायला बसतो, या.

पण घरातला माणूस खचलेला दिसत असेल तर त्या आठवड्यात औषधाचा डबा त्याच्या घरी ठेवू नका. भावकीत ठेवा, दुकानातच राहू द्या. त्याला सांगून, भांडण न करता.

आपल्या हातात काय

गुलाबी बोंडअळीचे गणित आपल्या पोरांना पाठ आहे. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की नुकसानीची पातळी ओलांडली. तसाच एक साधा ठोकताळा माणसाचा आहे. दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास, कशात रस नाही, झोप गेली किंवा माणूस नुसता पडून, जेवण तुटले, "माझ्यापायी सगळ्यांना त्रास" असे बोलू लागला, तर थांबायचे नाही. आणि जाण्याची भाषा करू लागला, निरवानिरव करू लागला, तर दोन आठवडेही मोजायचे नाहीत, त्याच दिवशी हलायचे.

विचारायचे कसे? सरळ. "दादा, जीव द्यायचे विचार येतात का?" असे विचारल्याने विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे. विचारल्याने माणसाला ओझे खाली ठेवायला जागा मिळते. शेतात, धुऱ्यावर, बैलगाडीत, जिथे दोघेच असाल तिथे विचारा. उपदेश करू नका, "पोराबाळांचा विचार कर" असे म्हणून आणखी ओझे चढवू नका. ऐका. एकटे सोडू नका. आणि तिथेच बसून १४४१६ लावा. साध्या मोबाईलवरून लागतो, रात्री दोन वाजता लागतो, पैसे लागत नाहीत. तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६. आधी भाषा विचारतात, मराठी निवडा. पलीकडून हिंदी-इंग्रजी आली तर सांगा, मराठी बोलणारा माणूस द्या. 'टेन्शन आहे' एवढ्यावर थांबू नका. झोप किती दिवस नाही, जेवण कसे आहे, मरणाचे विचार येतात की नाही, ते उघड सांगा. तज्ज्ञाशी बोलायचे आहे म्हणा, जवळच्या कोणत्या दवाखान्यात कोणत्या वारी जायचे ते विचारून लिहून घ्या. खचलेल्या माणसाला फोनवर बोलवत नसेल तर त्याच्या वतीने तुम्ही बोला. आणि जिवाला आत्ताच धोका असेल तर १०८ किंवा ११२.

"वेड्याच्या डॉक्टरकडे नेलं म्हणतील, पोरीचं लग्न अडेल," हे मला प्रत्येक गावात ऐकायला मिळते. भीती खोटी नाही. म्हणूनच चळवळीच्या पुढाऱ्यांनी पहिल्यांदा जायला हवे, उजेडी, गाडीवर बिल्ला लावून. ज्या काकांनी टाळ्या घेतल्या त्यांनी एखाद्या भावाला सोबत घेऊन तालुक्याच्या ओपीडीत रांगेत उभे राहावे. त्यांच्यासारखा माणूस रांगेत दिसला की पुढच्या आठवड्यात गावातले आणखी चौघे येतील.

या बैठकीत मी ठराव मांडणार आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात मनाच्या डॉक्टरचा वार ठरवा आणि तो मराठीत मोठ्या अक्षरात दारावर लिहा. पोड, वस्ती, तांडा जिथे आहे त्या तालुक्यात कोलामी, गोंडी, गोरमाटी बोलणारी बाई किंवा माणूस पगारावर नेमा. गोळ्यांचा साठा फलकावर दाखवा. आशाताईंना एकांतातल्या भेटीचे वेगळे पैसे द्या. कृषी सेवा केंद्र, बाजार समिती, जिनिंगचे फाटक, बँकेची खिडकी इथे १४४१६ लावा, आणि औषधाच्या प्रत्येक बाटलीवरही छापा. मजूर, बायका सगळे यात धरा. कापसाच्या भावाचा ठराव याच्या आधीचा आहे, तो तसाच राहील.

तालुकाध्यक्षांनी बैठकीला येताना आपापल्या रुग्णालयातून विचारून तीन गोष्टी लिहून आणाव्यात. मनोविकारतज्ज्ञ शेवटचे कोणत्या तारखेला येऊन गेले, कोणत्या गोळ्या संपल्या आहेत, आणि मराठी न बोलणाऱ्या रुग्णाशी तिथे कोण बोलते. उत्तर मिळाले नाही तर 'उत्तर मिळाले नाही' असे लिहून, ज्याला विचारले त्याचा हुद्दा आणि तारीख टाकून आणावे. जिल्हा शल्यचिकित्सकांची वेळ मागितली आहे, ते कागद त्यांच्यापुढे ठेवायचे आहेत.